नथ डावीकडं, फोटो सरळ

आम्ही मूळचे जयसिंगपूरचे. तुम्ही म्हणाल हॅम्बर्गमध्ये वीस वर्षं काढली तरी ही बाई जयसिंगपूरपासनंच सुरू करतीय, पण काय सांगू तुम्हाला, माझं सगळं तिथनंच सुरू होतंय, आणि तुम्हाला त्या शिकागोच्या घराची गोष्ट लिहून घ्यायची असली तर आधी आमच्या अण्णांचा स्टुडिओ ऐकावा लागेल. अण्णा म्हणजे माझे वडील. बसस्टँडसमोर दोन खोल्यांचा फोटो स्टुडिओ होता त्यांचा, पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर बंगला आणि तळं आणि तळ्यात दोन बदकं, मागं डार्करूम, आणि दोन्हीच्या मधल्या बोळात खिडकीला लावून टचिंगचा डेस्क. त्या डेस्कवर मी मोठी झाले म्हटलं तरी चालेल. भाऊ नव्हता, थोरल्या बहिणीला हायपोच्या, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाच्या, वासानं मळमळायचं, म्हणून मी सातवीत असताना अण्णांनी माझ्या हातात पेन्सिल दिली.

आता टचिंग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुन्या काळ्यापांढऱ्या निगेटिव्हला दोन बाजू असायच्या, एक गुळगुळीत, चकचकीत, आणि दुसरी जरा खरखरीत, चित्र बसलेलं असतं ती. अण्णा त्या बाजूला साय म्हणायचे, दुधावर धरते तशी धरलेली असते म्हणून. बाकीचे फोटोग्राफर काय म्हणायचे मला माहीत नाही, आमच्या घरात सायच. तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर व्रण असला, मुरूम असला, डोळ्याखाली काळं असलं, की निगेटिव्हवर तेवढ्या जागी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं इतकं हलकं इतकं हलकं गिरवायचं, की फोटो छापला की ते गायब. आणि पेन्सिल सायीवरच धरते, दुसऱ्या बाजूला घसरते. म्हणून डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची ती साय आपल्याकडं करून. त्या बाजूनं माणूस उलटा दिसतो, डावं उजवीकडं जातंय, पण टचिंगला त्यानं काही अडत नाही. बारा वर्षं मी हे केलं. साय आपल्याकडं, साय आपल्याकडं, हाताला तेवढंच माहीत.

छापताना मात्र साय कागदाकडं लागते, आणि तिथं मी एकदा अशी चुकले की गावभर झालं. नवरीचा फोटो होता, पाटलांच्या सुनेचा, मी तो उलटा छापला, अण्णा सांगलीला गेलेले, मी आपली हुशारीनं फ्रेम करून देऊन पण टाकला. दुसऱ्या दिवशी सासू स्टुडिओत हजर. म्हणाल्या, ही आमची सून नव्हं, हिचा पदर उजव्या खांद्यावर कसा, आम्ही काय गुजरात्यांची पोर आणलीय का. नथ पण उजव्या नाकपुडीत गेलेली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अण्णा रागावले नाहीत, त्यांचा स्वभावच नव्हता तो, त्यांनी फक्त एवढं सांगितलं की मंगल, ह्यापुढं बाईचा फोटो आला की आधी नथ बघायची, नथ डावीकडं तर फोटो सरळ. पुढं कितीतरी वर्षं मी कुणाच्या लग्नात गेले तरी आधी नवरीची नथ बघायचे.

मग रंगीत आलं, रोल धुवायला सांगलीच्या लॅबला जायला लागले, टचिंग संपलं. माझं लग्न झालं. पुण्याचं स्थळ, हे कॉम्प्युटरमध्ये. आमच्याकडं बायका पण आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात, तर सासूबाई रोज म्हणायच्या, अगं आले म्हण, गेले म्हण, लोकांना वाटेल मुलगा घरात आणलाय. शिकले मी ते. मग ह्यांना हॅम्बर्गची नोकरी लागली, सई इथंच झाली, तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला जर्मनमध्ये उत्तर देते, आता पंधरा वर्षांची आहे, आमचं दोघींचं तसंच चालतंय आणि भांडणसुद्धा तसंच चालतंय.

सई शाळेत रमल्यावर मी नोकरी शोधायला लागले. माझ्याकडं इथं चालेल असा एक कागद नाही, बी.ए. अर्धवट, जर्मन मोडकं. इथल्याच आल्टोना भागात एक दुकान होतं, जुने फोटो, निगेटिव्ह, घरगुती फिल्मा कॉम्प्युटरवर घेऊन देतात लोकांना. तिथल्या शेफला, इथं शेफ म्हणजे साहेब बरं का, स्वयंपाकी नव्हे, तर त्या शेफला मी सांगितलं की माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. त्यानं एक निगेटिव्ह माझ्यापुढं ठेवली. मी ती कडेनं धरली, खिडकीकडं केली, साय कुठली बघितली आणि म्हटलं, हिला जास्त वेळ पाण्यात ठेवलंय कुणीतरी. सोमवारपासून या म्हणाला. सात वर्षं झाली त्याला.

त्या दुकानात फ्राऊ पेटरसन आल्या, फ्राऊ म्हणजे बाई. ऐंशीच्या पुढच्या, काठी घेऊन, पण टेर्मिन, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, अगदी मिनिटावर पाळणार. त्यांच्या मागनं टॅक्सीवाला तीन लाकडी पेट्या घेऊन आला. पेट्यांत काचेच्या निगेटिव्हा. त्यांचे आजोबा इथनंच, हॅम्बर्गच्या बंदरातनं बोटीत बसून शिकागोला गेलेले, धंद्यानं बेकर, आणि नाद फोटोचा. त्यांची आई त्या शिकागोत जन्मली, वाढली, आणि तरुणपणी हॅम्बर्गला आजी-आजोबांकडं म्हणून आली ती इथल्याच एका बंदरातल्या माणसाशी लग्न करून राहिली. येताना ह्या पेट्या घेऊन आली. आई जन्मभर त्या घराचं सांगायची, म्हणाल्या, बाहेरनं चढायच्या दगडी पायऱ्या, शेजारी टोकदार मनोऱ्याचं चर्च, पायरीवर बसून गरम पाव खायचा. तुला एकदा नेऊन दाखवते म्हणायची. ते राहिलं. आता माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, मी विमानात बसू शकत नाही, पण नात लेना तिथं शिकायला आहे. फ्राऊ माने, ते घर अजून उभं आहे का एवढंच मला कळू दे, पत्ता नाही, रस्त्याचं नाव आहे आणि ह्या काचा आहेत.

काय सांगू तुम्हाला त्या काचांचं. पहिली पेटी मी सबंध दोन आठवडे केली आणि मला घरी जायला नको वाटायचं. मी शिकागो बघितलेलं नाही, पण त्या बेकरनं मला दाखवलं. बर्फाच्या लाद्या विकणारा, घोडागाडी, आणि मागं तुकडा मागत पळणारी पोरं. घरांच्या मागच्या बाजूला लाकडी जिने आणि जिन्यांच्या मधनं धुणं वाळत घातलेलं, इतकं धुणं की आभाळ दिसत नाही, मी म्हटलं ह्या बायकांना पण पाऊस आला की पळावं लागत असणार. रस्त्यावरनं खांबांवरनं जाणारी रेल्वे आणि तिच्याखाली भाजी विकणारी बाई, डोक्याला रुमाल. न्हाव्याचं दुकान, दारात खुर्ची टाकून बसलेला न्हावी, गिऱ्हाईक नाही. आणि सगळीकडं सकाळचं कोवळं ऊन, कारण बेकर माणूस, भट्टी उरकून सकाळी मोकळा व्हायचा, तेव्हाच कॅमेरा काढायचा. मोठा प्रसंग एक पण नाही. सगळं आपलं रोजचंच.

आमची पद्धत अशी, खाली दिव्याची काच, वर कॅमेरा, आणि मधे निगेटिव्ह ठेवायची ती साय खाली करून, म्हणजे वरनं कॅमेऱ्याला सरळ चित्र मिळतं. आणि दुकानांच्या पाट्या असतातच, अक्षरं उलटी दिसली की लगेच कळतंय. मी एवढ्या काचा केल्या, एक चुकली नाही.

आणि मग ती काच आली. घर. बाहेरनं पायऱ्या, कडेला मनोरा, तिसऱ्या पायरीवर सहा-सात वर्षांची मुलगी, हातात पाव, आणि दारात तिची आई. एकपण पाटी नाही, दारावर नंबर नाही. मी ती उजेडात तिरकी धरली आणि बघते तर काय, त्या आईच्या डोळ्यांखाली पेन्सिल. टचिंग. तशीच बारीक बारीक, स्वल्पविरामासारखी ओढलेली, आमच्या अण्णांची असायची तशी. त्या बेकरनं बायकोच्या डोळ्याखालचं काळं काढलं होतं. अहो, माझ्या डोळ्यांतनं पाणीच यायला लागलं. अण्णांना जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली, कुठं जयसिंगपूर, कुठं शिकागो, कुठं मी आल्टोनात बसलीय, आणि पेन्सिल तीच. मी ती काच दिव्यावर ठेवली, भिंग घेतलं, एकेक रेघ बघितली, ब्रशनं धूळ काढली, कॅमेरा दाबला. तशा पेन्सिलीच्या अजून सहा निघाल्या, सगळ्या घरच्या माणसांच्या. त्याही तशाच मायेनं केल्या.

फोटो छापून फ्राऊ पेटरसनना दिला, त्यांनी तो छातीशी धरला आणि लेनाला पाठवला. लेना त्या रस्त्यावर जाऊन आली. एकदा नाही, चार रविवार. चर्च लगेच सापडलं, मनोरा तोच, पण फोटोत मनोरा डावीकडं आणि घर उजवीकडं, आणि तिथं चर्चच्या उजव्या हाताला आता पार्किंग आहे, गाड्या उभ्या आहेत. चौथ्या रविवारी पाय दुखले म्हणून ती तिथंच पलीकडं कुणाच्या तरी पायऱ्यांवर बसली आणि तिथनंच तिनं आजीला फोन केला की ओमा, घर पाडलं गं, नाहीये.

फ्राऊ पेटरसन दुकानात आल्या तेव्हा मला ओळखू आल्या नाहीत इतक्या उतरलेल्या. उरलेल्या दोन पेट्या करू नका म्हणाल्या. काय करायचंय, माझ्यामागं कोण बघणारंय, काचच आहे, काचेच्या कंटेनरमध्ये टाकून द्या. इथं चौकाचौकात असतात ना बाटल्या टाकायचे कंटेनर, त्यात. शेफ म्हणाला, जा, जा, बघू, महिनाअखेरपर्यंत राहू देत इथंच. जा म्हणजे हो बरं का, तो काही त्यांना घालवत नव्हता. मी त्यांना कोट घालायला मदत केली आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं, का ते तेव्हा मला पण माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता, शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन करतात. मी नऊवारी नेसले, नथ घातली, आईची आहे, चापाची. सईनं मला धरून सेल्फी काढला आणि पुण्याला आजीला पाठवायच्या आधी मला दाखवला. मी बघितलं आणि तोंडातनं गेलं, अगं उलटा छापलास, नथ उजवीकडं आलीय. सई जर्मनमध्ये म्हणाली, ममा, छापला काय, सेल्फी आहे तो, आरशासारखाच येतो. आणि मी तिथंच उभी राहिले. हातात मोदकाचं ताट. नथ डावीकडं तर फोटो सरळ. माझ्या डोळ्यांपुढं ती काच आली, दिव्यावर ठेवलेली, आणि भिंग, आणि पेन्सिलीच्या रेघा मला अगदी स्वच्छ दिसतायत. रेघा स्वच्छ कशा दिसतील? साय वर असल्याशिवाय कशा दिसतील? टचिंग बघितल्याबरोबर माझ्या हातानं काच उलटी केली होती, बारा वर्षं केली तशी, साय आपल्याकडं, आणि मी तशीच कॅमेऱ्याखाली ठेवून दिली होती. शिकागोच्या त्या बाईच्या नाकात नथ नव्हती, मला सांगणार कोण. मी मोठ्यानं म्हटलं, चुकलो की मी. बाजूच्या पुणेरी बायकांनी वळून बघितलं, ही चुकलो का म्हणतीय म्हणून.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी दारात. सात वर्षांची नोकरी, आणि इथं कामातली चूक म्हणजे चूक, माझ्याकडं दुसरा कागद नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या म्हाताऱ्या बाईचं घर मी माझ्या हातानं पाडलं असं मला वाटत होतं. शेफ आला तशी त्याच्या कोटावरचा पाऊस पण न झटकू देता मी सगळं सांगितलं, सायीसकट. त्यानं पेटीतनं काच काढली, तिरकी धरली, म्हणाला, कुठं पेन्सिल, मला दिसत नाही. मी दाखवली. बराच वेळ बघत राहिला. तीस वर्षं हे काम करतोय, म्हणाला, मला हे कधी दिसलं नाही, आल्झो, म्हणजे बरं तर, सातही काचा पुन्हा घ्या, आणि फोन तुम्ही करा.

फोन मीच केला. माझं जर्मन अशा वेळी पार पळून जातंय, डेर डी डास, म्हणजे तो ती ते, सगळं एक होतंय, पण सांगितलं. फ्राऊ पेटरसन, तुमच्या आजोबांनी आजीच्या डोळ्यांखालचं काळं पेन्सिलीनं काढलंय, ते बघायच्या नादात फोटो मी उलटा केला, चूक माझी, मनोरा डावीकडं नाही, उजवीकडं आहे, घर चर्चच्या डाव्या हाताला असणार, असेल की नाही मला माहीत नाही, मी शब्द देत नाही, पण तिथं कुणी बघितलेलंच नाही अजून. मला वाटलं फोन ठेवला. मग अगदी हळू विचारलं त्यांनी, डाव्या हाताला? मी म्हटलं, जा, डाव्या हाताला. म्हणाल्या, मी लेनाला उठवते, आणि खरंच ठेवला.

दोन दिवस काही नाही. मी भाजीत मीठ दोनदा घातलं, ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं. बुधवारी अकरा वाजता फ्राऊ पेटरसन टेर्मिन न घेता आल्या, चाळीस वर्षांत पहिल्यांदा टेर्मिन न घेता कुठं गेले म्हणाल्या, आणि फोन माझ्यापुढं धरला. पायऱ्या. त्याच. घराला आता हिरवा रंग दिलाय, खिडक्या नवीन, दाराशी सायकल, पण पायऱ्या त्याच आणि तिसरीवर लेना बसलेली, हातात पाव. पण त्या घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, बघा, मनोरा परत डावीकडं आहे, मग हे ते घर नव्हेच का. मी बघितलं, लेनाच्या शर्टावर अक्षरं होती आणि ती उलटी. आणि मला हसू यायला लागलं, आवरेना. म्हटलं, फ्राऊ पेटरसन, सेल्फी आहे हा, तुमच्या नातीनं पण उलटाच छापला. मी कॉम्प्युटरवर घेतला, फिरवला, शेजारी त्या काचेचा सरळ केलेला फोटो लावला. मनोरा उजवीकडं, मनोरा उजवीकडं. पायरी पायरीला लागली.

मग त्यांनी सांगितलं. चौथ्या रविवारी लेना ज्या पायऱ्यांवर बसून फोनवर म्हणाली होती ना की घर नाही, त्या ह्याच पायऱ्या. पणजीच्या पायरीवर बसून ती घर पाडलं म्हणून रडत होती. हे सांगताना फ्राऊ पेटरसन हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, शेफ उगीच पाठ करून वायरी गुंडाळायला लागला, आणि मी, काय सांगू तुम्हाला, ते दोन्ही फोटो परत परत मोठे करून बघत राहिले. मला त्यांनी जवळ घेतलं. इथं असं कुणी घेत नाही. म्हणाल्या, तुम्ही चुकला नसता तर ती बाई डोळ्याखाली काळं घेऊन उभी होती हे मला कळलंच नसतं. माझी आजी दमलेली असायची आणि आजोबांना ते दिसत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

उरलेल्या दोन पेट्या चालू आहेत. काचेच्या कंटेनरचं नाव कुणी काढत नाही. शेफ आता प्रत्येक काच आधी तिरकी धरून मला विचारतो, फ्राऊ माने, टचिंग? शब्द तोच वापरतो, आमच्या अण्णांचा, मला बरं वाटतं. लेनाचा आणि त्या घरात आता राहणाऱ्या माणसांचा परिचय झालाय, मेक्सिकोची आहेत, त्यांनी तिला आत बोलावून जेवायला घातलं.

आणि मी नाक परत टोचून घेतलं, ह्या वयात, सई म्हणाली ममा, कूल. साधी चमकी आहे, डावीकडं. फ्राऊ पेटरसन दर गुरुवारी दुकानात येतात, काही काम नसलं तरी येतात, त्यांना मी सगळं सांगितलंय, पाटलांच्या सुनेपासून. दारातनं आल्या की आधी माझ्या नाकाकडं बघतात, डावीकडं आहे ना बघतात, आणि गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणतात, मग काठी ठेवतात आणि बसतात. मी चहा टाकते. अण्णा असते तर त्यांनी त्या सातही काचा कडेनं धरून खिडकीत नेल्या असत्या, आणि मान डोलावली असती. तुमचं पण सगळं सरळ होवो. चहा घेऊन जा.